डाव्या चाकाची कटकट

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो मंचरला, दवाखान्याच्या फाटकात गाडी उजवीकडे घेताना. कट, कट, कट, कट. कोणी शेजारी बसून सुपारी कातरावी तसा. टायरच्या नक्षीत खडा अडकला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. घोडेगावच्या वर, डोंगराकडच्या आमच्या वस्तीवरून आम्ही उजाडता उजाडता निघालो होतो. गाडी सावलीत लावायची, ह्यांना आत पोचवायचं आणि बाकावर पाठ टेकायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हे म्हणजे माझे मालक. शेजारच्या सीटवर काचेला डोकं लावून झोपले होते. निदान मला तसं वाटलं होतं.

"मागं घे आन् परत वळव," ते डोळे न उघडताच म्हणाले.

"का?"

"आवाज येतोय. चाकात."

मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत होती, वॉचमन हात हलवत होता. "अहो, उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला लावतील," मी म्हटलं. मग ते गाडीतून उतरले, डावा हात पोटाशी धरून आत निघाले. त्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून शीर जोडलेली आहे. त्या हाताने ते आता काही उचलत नाहीत, कोणाला धरूनही चालत नाहीत. दारापाशी थांबून त्यांनी एकदा गाडीकडे वळून बघितलं.

ही पिकअप त्यांनी घेतली तेव्हा त्यांची तब्येत ठणठणीत होती. डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवर पक्के रस्ते नाहीत, म्हणून मुद्दाम चारही चाकं ओढणारी, फोर बाय फोर गाडी शोधून आणली. वर जाताना किराणा, सिमेंट, पत्रे; खाली येताना हिरड्याची पोती. पावसाळ्यात जिथे दुसऱ्या गाड्या खालीच थांबायच्या तिथे आमची चढून जायची. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "भाऊ, उद्या वर येताय ना?" गाडी बिघडली तर अर्धं काम ते स्वतः करायचे, आणि राहिलेलं कळंबच्या गॅरेजवाल्याकडे. तो ह्यांच्यापेक्षा लहान. त्याने गॅरेज नवीन टाकलं तेव्हापासून आमची गाडी त्याच्याकडे. हे सांगायचे आणि तो करायचा, अशीच दोघांची पद्धत.

मग बीपीने किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मंचर, आणि तिथून येताना माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होतो. पहिल्या काही महिन्यांत कधी पुतण्या नेई, कधी भाड्याची गाडी. रोज उठून कोणाच्या तरी तोंडाकडे बघायचं मला जड जायला लागलं. एके दिवशी मीच म्हटलं, "मला शिकवा." तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. बटाटा काढून मोकळ्या झालेल्या वावरात ह्यांनी मला क्लच सोडायला शिकवलं. बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "सोड हळू! हळू म्हनलं ना!" गाडी आचके देऊन बंद पडायची. मला रडू यायचं, त्यांना दम लागायचा. पण शिकले. लायसन काढलं. वस्तीवरून खाली येतानाचा खडीचा उतार पहिल्यांदा एकटीने उतरले त्या दिवशी घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही, नुसती भाकरी थापली आणि झोपले.

म्हणजे आवाज सुरू झाला तोवर मला गाडी चालवता येत होती. पण गाडीतलं काही कळत मात्र नव्हतं.

त्या दिवशी परतताना हे झोपले नाहीत. घोडेगावच्या चौकात उजवं वळण आलं तशी मान पुढे करून बसले. कट, कट, कट. डावीकडे वळलो तेव्हा काही नाही. सरळ रस्त्याला काही नाही.

"उजवीकडं वळलं की वजन डाव्या चाकावर येतं," ते म्हणाले. "डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय."

इतक्या दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकला. ठाम, थोडा चढा. मला बरं वाटलं. बेअरिंग म्हणजे नक्की काय हेही मला माहीत नव्हतं, पण बरं वाटलं.

दोन दिवसांनी मोकळा वार बघून कळंबला गेलो. गॅरेजवाला बाहेर आला, ह्यांच्याकडे बघून क्षणभर गडबडला, मग हसला. बऱ्याच महिन्यांनी भेटत होता. "भाऊ, बसा बसा," म्हणून पंख्याखाली खुर्ची दिली. हे बसले नाहीत. जॅकवर गाडी चढली, चाक वर-खाली धरून हलवलं. थोडं हलत होतं. हे म्हणाले, "बघ. बेअरिंगच." गॅरेजवाल्याने चाकामागे वाकून बराच वेळ बघितलं. उठला तेव्हा काहीतरी बोलणार असं वाटलं, पण फडक्याला हात पुसत एवढंच म्हणाला, "टाकू मंग बेअरिंग." दुपारपर्यंत काम झालं. जुनं बेअरिंग ह्यांनी हातात घेऊन फिरवून बघितलं, मला दाखवलं. "किती खरखर लागतंय, बघ हात लावून." मी हात लावला. मला काही खरखर जाणवली नाही. मान हलवली.

गॅरेजमधून हायवेला लागायला उजवीकडेच वळावं लागतं.

कट, कट, कट, कट.

मंचर मागे गेलं, घोडेगावचा रस्ता लागला. मग ते एकदम म्हणाले, "तू स्टेअरिंग शेवटापर्यंत फिरवती. एवढं फिरवायचं नसतं. त्यानं वाजतं."

मी गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडे ऊस उभा होता. एरवी बिबट्याच्या भीतीने तिथे कोणी थांबत नाही, पण ऊन लख्ख होतं आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "पहाटे उठून तुमचं पथ्याचं मी करते. गुरांचं मी करते. गाडी मी चालवते. आता वाजते तीबी माझ्यामुळं का?" आवाज एवढा चढला होता की माझ्याच कानात घुमला. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. मला पुढे अजून बोलायचं होतं, पण ते ओठ बघून थांबले. गाडी चालू केली.

त्यानंतर आवाजाचा विषय निघाला नाही. आवाज मात्र वाढत गेला.

मी एक शोधून काढलं. वळण मोठं घेतलं की तो कमी येतो. मग मी प्रत्येक ठिकाणी लांबून फेरा घेऊन वळायला लागले. चौकात पलीकडच्या पानाच्या टपरीपर्यंत जायचं आणि हळूहळू गाडी फिरवायची. मोटारसायकलवाले शिव्या देत जायचे. एसटीच्या ड्रायव्हरने एकदा खिडकीतून हात जोडून दाखवले. पण ह्यांच्या कानावर ती कटकट पडली नाही म्हणजे झालं. पडली की ते बाहेर बघायला लागायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. कधी कधी, त्यांना आत मशीन लावलेलं असताना बाकावर बसून माझ्या मनात यायचं, विकावी ही गाडी. एखादी लहान कार घ्यावी, नाहीतर काहीच घेऊ नये. पण त्यांना हे सांगायला जो दम लागतो तो माझ्यात उरला नव्हता. दमलेल्या माणसाला भांडणसुद्धा परवडत नाही.

मग एका सकाळी मंचरला निघालो तेव्हा वस्तीखालच्या ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी अडली. आदल्या रात्री पाऊस होऊन खडी सुटली होती. मला मागे येऊन परत जोर घ्यायचा होता. पुढच्या चाकांची ओढ लावली, स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं आणि रेस दिली. खालून धाडधाड असा आवाज आला की मी पाय काढूनच घेतला. कोणी हातोड्याने ठोकावं तसा. गाडी कशीबशी चढली.

"आता कळंब," हे म्हणाले. "आज मशीन झालं की उद्या कळंब."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला आम्हाला बघून ओशाळला. जॅक आणायला निघाला तर ह्यांनी थांबवलं. "आधी वाजवून बघू. पलीकडं जागा हाये ना?" गॅरेजच्या मागे कांद्याच्या वखारीचं मातीचं मोकळं आवार होतं. गॅरेजवाला मला म्हणाला, "वहिनी, तुमी चालवा, गोल फिरवा. मी बाजूनं चालतो."

"मी चालतो," हे म्हणाले.

"भाऊ, उन्हाचं..."

"मी चालतो म्हनलं ना. वहिनी, वहिनी काय करतो, तिला सांग फोर बाय फोर टाक म्हणून." मग माझ्याकडे बघून जरा खाली आवाजात, "स्टेअरिंग पूर्ण फिरव. शेवटापर्यंत."

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल अशी सोडली. उजवीकडे पूर्ण फिरवलेलं. कटकट जोरात सुरू झाली. हे डाव्या चाकाच्या बाजूने चालत होते, वाकून, कान खाली करून. शर्ट खांद्यावर हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. पलीकडून गॅरेजवाला. मी आरशात बघत होते, पुढेही बघायचं होतं, आणि सारखं वाटत होतं की हे आता अडखळतील आणि चाकाखाली येतील.

"जरा रेस दे!" ते ओरडले. आवाज भरभर झाला. "आता सोड!" हळू झाला. "आता डावीकडं!" गेला. परत उजवीकडे घेतली तर परत आला. अर्धा फेर झाला आणि ते थांबले, एका रिकाम्या क्रेटवर बसले. मी हँडब्रेक ओढून उतरले. त्यांना धाप लागली होती, तरी हाताने मला थांब म्हणून खुणावलं आणि गॅरेजवाल्याशी बोलायला लागले.

"चाकाबरोबर वाजतंय. चाक हळू तर आवाज हळू. आन् वळल्यावरच. बेअरिंग असतं तर सरळ रस्त्याला घरघरलं असतं." त्यांनी दम घेतला. "हे मला म्हाईत व्हतं, राव. पण बोलून बसलो. एक्सलचा जॉइंट गेलाय. डावा. मी चुकलो."

गॅरेजवाला खाली पोत्यावर झोपून चाकामागे सरकला. बॅटरी मारली. मला म्हणाला, "वहिनी, हे बघा." मी वाकले. चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर एक घड्या घड्यांचं रबराचं टोपण असतं, त्याला ते बूट म्हणतात. ते आडवं फाटलं होतं. आतलं काळं ग्रीस बाहेर उडून चाकाच्या आतल्या बाजूला थापलं होतं, आणि त्यावर आमच्या वस्तीची तांबडी माती बसली होती. आत लोखंडी गोळ्या असतात, त्यांच्यामुळे चाक वळत असतानाही फिरू शकतं, असं त्याने सांगितलं. ग्रीस गेलं, माती शिरली, गोळ्यांची जागा झिजली. सरळ जाताना त्या गुपचूप बसतात. वळलं की उड्या मारतात.

तो बाहेर आला, हात पुसत माझ्याजवळ उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, खरं सांगू का? मला गेल्या टायमालाच बूट फाटलेला दिसला व्हता. पण भाऊ बेअरिंग म्हनले. म्हनलं, आजारी माणूस, कुठं त्यांचा शब्द खाली पाडायचा. बेअरिंगबी जरा हालत व्हतंच. म्हनलं, आवाज आलाच तर परत येतील तवा बघू."

मला त्याचा राग आला. चढावर गाडी अडली होती ती आठवली. पण काय बोलणार? इतके दिवस मी चौकाचौकात टपरीपर्यंत फेर घालत होते, ते कशासाठी?

हे क्रेटवरून उठले होते. आम्हाला वाटलं त्यापेक्षा जवळ उभे होते.

"तवाच सांगायचं नाय का?" ते गॅरेजवाल्याला म्हणाले. रागाने नाही. "मी किती वेळा तुला चुकलास म्हनलो आसंन. तू मला एकदा म्हनला असतास तर काय मेलो असतो का मी?"

मग हे माझ्याकडे वळले. "आन् तू. एवढी मोठी वळणं घेत हिंडती. मला काय कळत नाय का? मी गाडी चालवली का बैल?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तोंड विचित्र झालं असणार, कारण गॅरेजवाला घाईघाईने चहा सांगायला गेला.

पार्ट पुण्याहून यायचा होता. गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने निघालो. कळंबहून मंचर, मंचरला बदलून घोडेगाव. कित्येक वर्षांत हे एसटीत बसले नव्हते. एका पोराने उठून जागा दिली. "बसा बाबा," म्हणाला. पन्नाशीच्या माणसाला बाबा. ते बसले. मंचरच्या पुढच्या एसटीत माझ्यासाठीही शेजारी जागा झाली. खाली कोणाचीतरी मेथीची जुडी ठेवलेली, पाय कुठे ठेवायचे कळत नव्हतं.

बस सुटली तेव्हा ते म्हणाले, "मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात तुला एकटीला आत बोलावलं व्हतं."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"काय म्हनल्या?"

"घरी गेल्यावर सांगते."

"आताच सांग. घरी गेल्यावर तू चुलीपुढं बसशील आन् तिकडं तोंड करून सांगशील."

मग मी सांगितलं. भरलेल्या बसमध्ये, कंडक्टर पुढे तिकिटं फाडत असताना. हृदयाचं पंपिंग कमी झालंय. किडनी बदलायचं ऑपरेशन आता झेपेल असं वाटत नाही. डायलिसिस असंच चालू ठेवायचं, जमेल तेवढे दिवस. मी सगळं त्यांच्याकडे बघत सांगितलं. सांगून झाल्यावर इतकी दमले की खांदे खाली आले.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. एका वावरात माणसं ठिबकच्या नळ्या गुंडाळत होती, तिकडे बघत होते की नुसतेच, कोण जाणे. "मला वाटलंच व्हतं," म्हणाले. थोड्या वेळाने, "तुला एकटीला सांगायला नको व्हतं त्यांनी." मग त्यांचा हात माझ्या मांडीवरच्या पिशवीवर येऊन थांबला. उजवा हात. घोडेगाव येईपर्यंत तसाच होता.

पुढच्या वारीही आम्ही एसटीनेच गेलो. मशीन लागलं तेव्हा ते स्वतःच डॉक्टरीणबाईंशी बोलले. काय बोलले ते मला नंतर सांगितलं, आणि मला वाटतं, सगळं सांगितलं.

गाडी घेऊन गॅरेजवाला स्वतः वस्तीवर आला. चढ चांगला जोर लावून चढला. अंगणात उजवीकडे, डावीकडे पूर्ण वळवून दाखवली. इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. हे ओट्यावरून ऐकत होते. गाडी बंद करून तो त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि शाळेत धडा म्हणावा तसं म्हणाला, "भाऊ, उजव्या बाजूचा बूटबी पिकलाय, रबर चिरायला लागलंय. वर्षभर चालंल नायतर चार महिने. आता बदलला तर बरं, नाय बदलला तर ध्यान ठेवावं लागंल."

"ध्यान ठेवू," हे म्हणाले. "आतमध्ये ये. ऊन लागंल."

मी त्याला घोडेगावला सोडून आले. परत येईपर्यंत दुपार कलली होती. घरात पाय टाकला आणि चटईवर आडवी झाले, पदरसुद्धा नीट घेतला नाही. गुरं ओरडत होती, ऐकू येत होतं. उठता येत नव्हतं.

जाग आली ती कपबशीच्या आवाजाने. ह्यांनी चहा केला होता. त्यांना दिवसाचं पाणी मोजूनच प्यायचं असतं, म्हणून एरवी ते चुलीकडे फिरकत नाहीत, चहा दिसला की तहान लागते म्हणतात. माझा कप काठोकाठ भरला होता आणि त्यांच्या कपात दोन घोट. साखर जास्त पडली होती.

"गुरांना घातलंय," ते म्हणाले. "उजव्या हातानं. थोडं थोडं करून."

मी उठून बसले नाही. पडल्या पडल्याच कप हातात घेतला.